सोनाळ्याच्या स्टँडवरचा फ्लेक्स

प्रेरणा,

वर मायना घातलेला नाही. ‘चि.’ लिहावं इतकी माया सध्या माझ्यात शिल्लक नाही आणि ‘श्रीमती’ लिहावं इतकी तू मोठी झालेली नाहीस. तू मला विचारलंस, "बाई, तुम्ही गावातल्या सगळ्यांबद्दल लिहिता, माह्याबद्दल काय लिहाल?" विचारताना हसत होतीस. तुला वाटलं असेल, खेड्यातली पोरगी पुण्याला गेली, पडली, उठली, असं काहीतरी टाळ्या घेणारं मी लिहीन. तसलं काही मिळणार नाही. तू खोटं बोललीस, मग खरं बोललीस, आणि खरं बोलायला फार उशीर केलास. लिहिण्यासारखं एवढंच आहे.

एक अट आहे. समोर बसवून कुणाची हकीकत सांगता येत नाही. ऐकणारा दर दोन वाक्यांनी "तसं नाई वो" म्हणतो. म्हणून इथून पुढे तू ‘ती’ आणि मी ‘बाई’. मध्ये बोलायचं नाही.

ज्ञानेश्वर अवचारांची प्रेरणा लहानपणी बाईंकडे गणिताच्या शिकवणीला यायची. आकड्यांत हुशार. शेकडेवारीचं गणित बाईंचं वाचून होईपर्यंत उत्तर सांगून मोकळी व्हायची, पण पायऱ्या लिहायला सांगितल्या की तोंड पाडायची.

"उत्तर बरोबर हाय ना बाई? मंग पायऱ्या कायले?"

बाई अर्धे मार्क कापायच्या. ती वहीवर नाक पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायऱ्या गाळायची. ही खोड बाईंना मोडता आली नाही, हे बाईंचंही अपयश आहे. ते नोंदवून पुढे जाऊ.

अमरावतीला तिने फायनान्स घेऊन एमबीए केलं आणि पुण्यातल्या एका गुंतवणूक कंपनीत तिला इंटर्नशिप मिळाली. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: सहा महिने, शिकाऊ, पुढे कायम करायचं की नाही ते कंपनी ठरवेल. पत्र फोनवर आलं तेव्हा ज्ञानेश्वर ओट्यावर बसून तुरीचं बियाणं निवडत होता.

"काय म्हणते?"

"पुण्याच्या कंपनीचं पत्र हाय, बाबा."

"लागली?"

आता इथे दोन पायऱ्या होत्या. शिकाऊ म्हणजे काय, ही एक. आणि सहा महिन्यांनी घरीही पाठवतात, ही दुसरी. बाप शहाणा होता, त्याला दोन्ही कळल्या असत्या.

"लागली," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत ही बातमी मोठेबाबांच्या ओसरीवर पोचली. मोठेबाबा म्हणजे उकंडराव, ज्ञानेश्वरचे थोरले भाऊ. त्यांना ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, आणि उभं राहायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं. तिसऱ्या दिवशी स्टँडवर, गोविंदाच्या चहाच्या टपरीच्या डोक्यावर, दहा बाय आठचा फ्लेक्स चढला. ‘सोनाळ्याची सुकन्या कु. प्रेरणा ज्ञानेश्वर अवचार हिची पुणे येथील नामांकित फायनान्स कंपनीत अधिकारी पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ डावीकडे तिचा बारावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो, ताणून मोठा केलेला, त्यामुळे कपाळ जरा रुंद झालेलं. उजवीकडे उकंडराव, कानाला मोबाइल लावून, तिच्या दीडपट.

‘अधिकारी’ हा शब्द कुणी घातला हे अजून कळलेलं नाही. तिने फ्लेक्स पाहिला, वाचला, त्याच्याखाली उभं राहून पेढा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गाडीत बसली. तिची आई छाया महिनाभर रोज काही ना काही कारण काढून स्टँडवर जाऊन यायची.

पुण्यात नऊ शिकाऊ होते. सहा महिने त्यांनी कंपन्यांचे ताळेबंद संगणकावर उतरवून काढले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुचिता मॅडम नावाच्या वरिष्ठांनी एकेकाला काचेच्या खोलीत बोलावलं. प्रेरणाची पाळी चार मिनिटांत उरकली.

"काम छान आहे तुझं. सध्या जागा नाहीत. संपर्कात राहू."

नऊपैकी चौघांना कायम करण्याचं पत्र मिळालं. तिला अनुभवाचं एक पानी प्रमाणपत्र. परतीच्या गाडीत बसल्यापासून ती कारण शोधत होती. एकदा फोनवर तोंडातून ‘मले’ निघून गेलं होतं, तेव्हा शेजारची पोरगी हसली होती, म्हणून? डबा भाकरीचा असायचा म्हणून? मराठी माध्यम म्हणून? बाईंचं मत विचाराल तर कारणबिरण काही नव्हतं. बाजारात मेथी घेताना आपण नऊ जुड्या उलट्यासुलट्या करतो, चार पिशवीत टाकतो, पाच परत ठेवतो. परत ठेवलेल्या जुडीला आपण काही समजावून सांगत बसत नाही. पण जुडीला पायऱ्या हव्या होत्या! जन्मात पहिल्यांदा हव्या होत्या, आणि नेमक्या तिथे कुणी दिल्या नाहीत.

सकाळी ती स्टँडवर उतरली ती थेट स्वतःच्या तोंडाखाली. गोविंदा चहा गाळत होता.

"काय मॅडम! सुट्टी?"

"नाई गोविंदाभाऊ, वर्क फ्रॉम होम."

हे दुसरं. पहिलं खोटं निदान पायरी गाळल्यामुळे झालं होतं. हे अख्खं, पायासकट बांधलेलं होतं.

त्यानंतर दोन महिने घरात जे चाललं ते पाहून बाईंना चीड यायची. माडीवरच्या खोलीत ही जुना लॅपटॉप उघडून बसे आणि नोकऱ्यांचे अर्ज भरे. खाली छाया सगळ्यांना दटावत फिरे. "हळू बोला, पोरीची मीटिंग चालू हाय." मिक्सरचा आवाज वर जातो म्हणून तिने दोन महिने चटणी पाट्यावर वाटली. मनगट सुजलं तरी वाटली. प्रेरणा वरून वरवंट्याचा आवाज ऐकत होती आणि खाली येऊन "आई, मिक्सर लाव" म्हणत नव्हती.

‘ऑफिसचं काम’ सांगून ती मुलाखतींना जायची. सगळीकडे एकच प्रश्न पुढे यायचा: सहा महिने तिथे होतात, मग त्यांनी ठेवलं का नाही? अकोल्याच्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात ती म्हणाली, मीच सोडली. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"पुण्याची नोकरी सोडून अकोल्याले? कोणाले सांगून राह्यली, बाई?"

बुलढाण्याच्या एका पतसंस्थेत तिघे जण टेबलामागे बसले होते. त्यांनी फायनान्सचं काही विचारलंच नाही. लग्न कधी, एवढंच विचारलं. तिने उलट विचारलं, "तुमचं झालं का?" तिथेही काम झालं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला खामगावहून बोलावणं आलं. घरं बांधायला कर्ज देणाऱ्या कंपनीची छोटी शाखा. जागा क्रेडिट ऑफिसरची, म्हणजे कर्ज मागणाऱ्याच्या घरी जाऊन तो फेडू शकेल की नाही ते ठरवायचं. तोपर्यंत ती खोटं सांगून थकली होती. शाखा व्यवस्थापक शेखर म्हणून होते, पस्तिशीचे, कागदातून मान वर न काढणारे. त्यांनी तोच प्रश्न टाकला.

"नऊ जण होतो. चार ठेवले. मी पाचवी होते की नववी, ते सांगितलं नाही," ती म्हणाली.

शेखरनी ते कागदावर उतरवलं. मग त्यांनी एक उदाहरण घातलं. चहाची टपरी आहे, मालक कर्ज मागतो, कागद एकही नाही, कमाई मोठी सांगतो. कशी तपासाल?

"दूध किती घेतो ते बघीन. त्याला नाही विचारणार, दूधवाल्याला विचारीन. एका लिटरात किती कप होतात ते मला माहीत आहे. आणि गॅसचं सिलिंडर किती दिवसांनी बदलतो ते."

"आणि साखर?"

"साखर घरी पण जाते. ती धरणार नाही."

तेव्हा शेखरनी मान वर काढली. निघताना म्हणाले, "मॅडम, माझ्याकडून हो आहे. आता वरची चौकशी होईल. कर्जदाराच्या गावात जातो तसा आमचा माणूस तुमच्याही गावात जाईल. कधी ते सांगत नाही. तुम्ही अर्जात लिहिलंय ते खरं असलं म्हणजे झालं."

अर्जात सगळं खरं होतं. इंटर्नशिप संपली, सध्या नोकरी नाही. ती दोन एसट्या बदलून हलक्या मनाने घरी आली. कागदावर खरं लिहिलं की झालं, असं तिला वाटलं. गाव नावाची पायरी तिने याही वेळी गाळली होती.

आठवड्याने मोटारसायकलवर एक माणूस आला आणि ज्याला तोंड आहे तो जिथे थांबतो तिथेच, गोविंदाच्या टपरीवर, थांबला.

"प्रेरणा अवचार कुठं राहतात?"

"पुण्याची मॅडम?" गोविंदाने विचारलं. "काऊन?"

"सहजच. सध्या घरीच असतात म्हणे. काही कामधंदा नाही."

गोविंदाच्या हातातलं गाळणं थांबलं.

"कामधंदा नाई? कोणं सांगितलं बे तुले? वर पाय. वर! वाचता येते का? अधिकारी हाय थे. घरून काम करते. सत्तर हजार पगार हाय, सत्तर!"

"कायम आहेत का पण?"

"थांब, तिच्या मोठ्या बापालेच बोलावतो."

उकंडराव आले. पाहुण्याला चहा पाजला, खारी खाऊ घातली आणि पोरगी परमनंट असल्याचं छातीवर हात ठेवून सांगितलं. त्यांना वाटलं, हा स्थळ घेऊन आलेला माणूस. पोरीचं भलं करतोय याची त्यांना पुरती खात्री होती, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. माणसाने आभार मानले, फ्लेक्सचा फोटो काढला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शेखरचा फोन.

"मॅडम, मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता. तुम्ही मला तोंडघशी पाडलंत."

"काय झालं सर?"

"एका नोकरीत असताना दुसरी मागताय. बोर्ड लावलाय तुमच्या गावात. फोटो आहे माझ्यासमोर."

ती समजावून सांगू लागली. ते ऐकून घेईनात. पुण्याहून लेखी आणा म्हणाले. तिने पुण्याला लिहिलं. तिकडून उत्तर आलं, प्रमाणपत्राशिवाय दुसरं पत्र देण्याची पद्धत नाही. तेव्हा शेखर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत गावातल्या जबाबदार माणसांकडून लेखी आणा, की तुम्ही कुठेही नोकरीत नाही. नाहीतर फाइल बंद.

झालं! जिथे नोकरी लागल्याचा फ्लेक्स लागला होता, तिथेच तिला नोकरी नसल्याचा दाखला मिळवायचा होता.

ती पहिली उकंडरावांकडे गेली. ते दाढी करत होते.

"मोठेबाबा, दोन ओळी लिहून द्या. मी नोकरीत नाई म्हणून."

"नाई?" वस्तरा हवेत राहिला. "मंग तू वर काय करून राह्यली होती दोन महिने?"

तिने सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, या वेळी एकही पायरी न गाळता. उकंडरावांनी उरलेला अर्धा गाल शांतपणे केला, तोंड धुतलं, पंच्याने पुसलं.

"हे घरातच ठेव. इलेक्शन होऊ दे, मंग पाहू."

"मले महिनाअखेर द्यायचं हाय."

"मले बी इलेक्शन हाय! पोट्टे, तुह्या नावाचा बोर्ड लावला म्या. पदरचा. उद्या लोक म्हणतीन, उकंडरावानं सोनाळ्याले उल्लू बनवलं."

"म्या कुठं सांगितलं होतं लावा म्हणून?"

"काढा म्हणून सांगितलं?"

ती उठली. मागून उकंडराव ओरडले, "आन सव्वीस जानेवारीले शाळेत तुले पाहुणी म्हणून बोलावलं हाय, ध्यानात ठेव! नीट साडी नेसून ये!"

तिथून ती तडक बाईंच्या ओट्यावर आली. बाई सरपण रचत होत्या.

"बाई, तुमची सही चालते. दोन ओळी द्या."

"काय लिहू?"

"की मी नोकरीत नाही."

"मला काय माहीत? दोन महिने तूच सांगत होतीस, आहे म्हणून. ऐकीव गोष्टीवर मी सही करत नाही."

"बाई, तुम्हाले तर कळलं होतं. खरं सांगा."

"कळलं होतं. तू मला सांगितलं नव्हतंस. त्यात फरक आहे."

तिचे डोळे भरले. बाईंना रडणं आवडत नाही आणि त्या दिवशी सरपणाने पाठ धरली होती. त्यांनी तिला सांगितलं, की खोटं तू चारचौघांत सांगितलंस, तर खरंही चारचौघांत सांग. चोरून दाखले गोळा करत फिरू नकोस. आणि आणखी एक काम सांगितलं. ती "हो बाई" म्हणाली आणि गेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. पोरं उन्हात रांगेने बसली, गाव मागे उभं राहिलं. मुख्याध्यापक हरिओम तायडे सर कार्यक्रमाचा अहवाल रजिस्टरात लिहीत एका बाजूला बसले होते. उकंडरावांनी माइक घेऊन पोरीची ओळख करून दिली. त्यात पुणे चार वेळा आलं आणि स्वतः ते सहा वेळा. मग माइक तिच्या हातात आला.

"मी पुण्यात अधिकारी नव्हते," ती म्हणाली. "सहा महिने शिकाऊ होते. त्यांनी मला ठेवलं नाही. सध्या मला नोकरी नाही."

मग उकंडरावांनी पुढे होऊन तिच्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि हसून म्हणाले, "पाहा! याले म्हणते संस्कार! एवढी मोठी झाली पन पोरगी सोताले काहीच समजत नाई. वाजवा टाळ्या!"

आणि गावाने टाळ्या वाजवल्या. पोरांनी तर दणक्यात वाजवल्या. गोविंदाने शिट्टी मारली. छाया बायकांत उभी होती, तिने डोळ्याला पदर लावला.

बाई तिथे खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना वाटलं, संपलं. आता ही हसून नमस्कार करेल आणि खाली बसेल. तसं करणं सोपं होतं. तिने माइक परत ओढला. ओढलाच, उकंडराव तोल सांभाळत दोन पावलं मागे गेले.

"मोठेबाबा, खाली बसा."

टाळ्या थांबल्या.

"हा नम्रपणा नाही. मी बेरोजगार आहे. घरून काम करते म्हणाले ते खोटं होतं. आई, तू मिक्सर लाव. बोर्डावर लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते मी पहिल्या दिवशीच वाचलं आणि गप्प बसले. तायडे सर, हे रजिस्टरात लिहा. शब्द न् शब्द लिहा. मला त्याची प्रत पाहिजे, शाळेच्या शिक्क्यासकट."

तायडे सर नियमाचा माणूस. त्यांनी लिहिलं: ‘प्रमुख अतिथींनी मनोगतात आपण बेरोजगार असल्याचे सांगितले व उपस्थितांचे आभार मानले.’ आभार तिने मानले नव्हते. ते सरांनी सवयीने घातले.

ती प्रत घेऊन ती खामगावला गेली. शेखरनी वाचली, पुन्हा वाचली, आणि फाइलला लावली. फेब्रुवारीत ती कामावर रुजू झाली.

टाळ्या इथेही वाजवू नयेत. उकंडराव आणि ज्ञानेश्वरची विहीर एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. सव्वीस तारखेनंतर ज्ञानेश्वरच्या पाळीला मोटर नादुरुस्त असायची आणि उकंडरावांच्या पाळीला चालायची. हरभऱ्याचं शेवटचं पाणी चुकलं, दाणा बारीक राहिला. ज्ञानेश्वर पोरीला बोलला नाही. तिच्यासमोर बसून जेवतो आणि ताटात पाहतो. छायाने मिक्सर लावला, पण बायकांत जाणं सोडलं; दोन महिने फुशारकी तिनेच मारली होती. आणि गोविंदाने टपरीमागे पक्क्या खोलीसाठी कर्ज मागितलं तेव्हा फाइल प्रेरणाकडे आली. तिने दूधवाल्याला विचारलं, सिलिंडर मोजले आणि मागितलं त्याच्या निम्मं लिहिलं. गोविंदा म्हणतो, सूड घेतला. बाईंनी तिचा हिशेब तपासला आहे. निम्मंच बसतं. या वेळी पायऱ्याही लिहिल्या होत्या.

आता परत ‘तू’.

त्या दिवशी माझ्या ओट्यावर मी तुला जे काम सांगितलं, ते तुला आठवतंय. तो फ्लेक्स उतरव आणि मला आणून दे, सरपणावर टाकायला. बाजारातला ताडपत्रीचा तुकडा दोन वर्षं टिकत नाही, फ्लेक्स टिकतो. तू म्हणालीस, "हो बाई, उद्याच आणते."

तू रोज सकाळी स्कूटीवर त्याच्याखालून जातेस आणि संध्याकाळी परत येतेस. मान वर करत नाहीस, मी पाहिलंय. उन्हाने तुझं तोंड पार पांढरं पडलंय, कपाळ कुठे आणि केस कुठे ते कळत नाही. उकंडरावांच्या बाजूला लिंबाच्या फांदीची सावली येते, त्यामुळे ते जसेच्या तसे आहेत, कानाला मोबाइल लावून. मी गोविंदाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "ज्याचं तोंड हाय त्यानं काढावं." उकंडराव म्हणतात, ज्याले लाज वाटते त्यानं काढावं. तुझ्या बापाला मी विचारलं नाही.

चार दोऱ्या आहेत. विळा माझ्याकडून ने. सरपण अजून उघडंच पडलंय.